कॉलेज बघायचे दोन दिवस

(पश्चिम पेनसिल्व्हेनियातलं एक लहान गाव. हायस्कूलमधली हजेरीची खिडकी. मार्चमधला मंगळवार, पहिला तास सुरू झालेला.)

रॉक्सॅन : शिल्लक नाही म्हणजे काय? अकरावीला दोन दिवस असतात ना?

बर्नी : असतात. कॉलेज बघायला जायचं म्हणून वर्षाला दोन दिवस हजेरी माफ. ब्रिनचे दोन्ही झालेत.

रॉक्सॅन : एक झालाय. ऑक्टोबरात बापाबरोबर पिट्सबर्गला गेली होती, तो. दुसरा मी राखून ठेवलाय. नीट बघ, चष्मा लाव.

बर्नी : लावलाय, रॉक्सी. नाकावरच आहे.

रॉक्सॅन : मग पुसून घे. अगं, माझ्याच लेकीचे दिवस मला माहीत नसतील का? जानेवारीपासून शुक्रवारची रजा टाकून ठेवलीय मी. चौदा नंबरच्या बसला बदली ड्रायव्हर मिळवायचा म्हणजे काय दिव्य असतं तुला ठाऊक आहे. त्या हॅरल्डच्या हातापाया पडले. ईस्टरआधीच्या उपासात फायर हॉलला दर शुक्रवारी मासे तळतात, त्यातली या शुक्रवारची पाळी माझी होती, ती वहिनीच्या गळ्यात घातली. ती अजून फुगून बसलीय.

बर्नी : हो, मला कळलं ते. रविवारी चर्चमध्ये तीच सांगत होती सगळ्यांना.

रॉक्सॅन : सांगू दे. आणि फॉर्म दोन दिवस आधी द्यायचा असतो, आज मंगळवार आहे. मी वेळेत आहे.

बर्नी : तू वेळेत आहेस. दिवसच नाही.

रॉक्सॅन : बर्नी, तुझं ते हजेरीचं यंत्र बिघडलंय. गेल्या वर्षी पीटरसनांचा मुलगा गॉलब्लॅडरचं ऑपरेशन करून आला आणि तुझ्या यंत्रात तो पोहण्याच्या स्पर्धेला गेला होता.

बर्नी : ती चूक माझी होती, यंत्राची नाही. आणि ही चूक नाहीये. बावीस फेब्रुवारी, गुरुवार. कॉलेज भेट. माफ.

रॉक्सॅन : गुरुवारी ती डगकडे असते.

बर्नी : हो.

रॉक्सॅन : त्या गुरुवारी ती शाळेत होती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, मी विचारलं काल शाळा कशी होती, म्हणाली ठीक.

बर्नी : फॉर्म आहे माझ्याकडे, रॉक्सी.

रॉक्सॅन : फॉर्मवर सही कुणाची आहे?

बर्नी : डगची. आईबापांपैकी एकाची चालते. हा नियम मी केलेला नाही.

रॉक्सॅन : तो कसा जाईल? फेब्रुवारीभर त्याची दिवसपाळी होती. पोरीच्या नावाने रडला असता माझ्याकडे, की तूच ने म्हणून. कोण गेलं बरोबर?

बर्नी : रॉक्सी, तू बसून घे जरा.

रॉक्सॅन : फॉर्मवर रकाना आहे. सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव. मी आत्ताच भरला तो, स्वतःचं नाव घालून, कॅपिटल अक्षरात. तिथे काय लिहिलंय?

बर्नी : मला वाचायला लावू नकोस.

रॉक्सॅन : वाच.

बर्नी : कॅरिसा.

रॉक्सॅन : बरं.

बर्नी : कॉफी घेतेस का? मघाशीच केलीय.

रॉक्सॅन : कॉफी नको. बरं म्हटलं ना मी. चांगलं आहे. सावत्र आई घेऊन जाते, सख्खी आई बस हाकते. केस तिनेच कापवले पोरीचे. गाडी चालवायला तिनेच शिकवलं, मी नाही, आणि पंधरा वर्षं पोटासाठी गाडी चालवते ती मी. आता माझ्या घरात दात घासायचे ते घड्याळ लावून, दोन मिनिटं पूर्ण. का, तर कॅरिसा म्हणते. कॅरिसाचे दात बघितलेस? रात्री दिवे गेले तर त्या उजेडात वाचता येईल.

बर्नी : ती दातांच्या दवाखान्यात काम करते, तिचे दात कसे असणार?

रॉक्सॅन : तू तिची बाजू घेऊ नकोस. कुठलं कॉलेज?

बर्नी : ते ब्रिनलाच विचार ना.

रॉक्सॅन : कॅरिसाचं स्वतःचं असेल, ती शिकली ते. ते विटांचं, चॅपलवालं. सगळीकडे स्वेटर घालून मिरवते त्याचा. तेच ना? बर्नी, मुलगी येऊन गेली म्हणून कॉलेज शिक्क्याचा कागद देतं, तो तुझ्या फाइलला असणार. मी आई आहे. मला बघायचा हक्क आहे की नाही?

बर्नी : आहे. हा घे.

रॉक्सॅन : हे माझं आहे.

बर्नी : रॉक्सी.

रॉक्सॅन : हॅरो लेक. हे तर मी शुक्रवारसाठी लिहिलंय. माझ्या फॉर्मवर आहे. हे बघ, हॅरो लेक. हे माझं कॉलेज आहे.

बर्नी : तू तिथे शिकलेली नाहीस.

रॉक्सॅन : शिकले नाही म्हणून काय झालं? शोधलं कुणी? तीन वर्षं बँडची पोरं घेऊन गेलेय मी तिथे, दर वसंतात. पोरं आत जायची, ड्रायव्हरने बसजवळ थांबायचं. सहा-सहा तास. मागचं पार्किंग मला पाठ आहे. पार्किंगच्या टोकाला एक दगडी कमान आहे, तिच्यातून पोरं आत जातात. मी स्टिअरिंगवर सँडविच ठेवून खायचे आणि बघायचे. म्हटलं, ब्रिन मोठी झाली की तिच्याबरोबर जायचं त्या कमानीतून. एवढंच मागितलं मी, एवढं एक. आणि तेही त्या बाईनं उचललं, सगळं उचललं तसं.

बर्नी : तिला काय माहीत तुझं हे सगळं?

रॉक्सॅन : ब्रिनला माहीत आहे. आणि तुलाही माहीत होतं. तीन आठवडे तुझ्याकडे हा कागद पडलाय. रविवारी तू माझ्या पुढच्या बाकावर बसतेस. मान वळवून शांती असो म्हणालीस मला, हात मिळवलास, आणि पोटात हे?

बर्नी : मी काय पोस्टमन आहे? इथे कुणाचं पोर कुठे गेलं हे मी गावभर सांगायला लागले तर उद्या या खिडकीशी कुणी खरं बोलणार नाही. तुझ्याबद्दलही नाही सांगत मी कुणाला.

रॉक्सॅन : माझं काय आहे सांगण्यासारखं?

बर्नी : काही नाही. म्हणून तर.

रॉक्सॅन : शुक्रवारी दंतवैद्याकडे गेली असं लिही.

बर्नी : काय?

रॉक्सॅन : अगं, सगळे तेच लिहितात. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की त्या सोमवारी अर्ध्या शाळेचे दात दुखतात.

बर्नी : दाखला लागतो दवाखान्याचा. गावात दवाखाना एक. काउंटरवर बसून दाखला कोण लिहितं, सांग बघू.

रॉक्सॅन : शी.

बर्नी : जा, मागून घे तिच्याकडे.

रॉक्सॅन : मग विनापरवानगी लाव. लागली तर लागली एक गैरहजेरी.

बर्नी : शनिवारी मोसमातला पहिला सामना आहे सॉफ्टबॉलचा. विनापरवानगी एक दिवस लागला की पुढच्या सामन्याला बाहेर बसायचं. पिचर आहे ती, चेंडू तीच टाकते. हिवाळाभर त्या थंडगार जिममध्ये भिंतीवर चेंडू मारत होती, मी जाता-येता ऐकायचे.

रॉक्सॅन : बसू दे.

बर्नी : तू मनापासून बोलत नाहीस.

रॉक्सॅन : बसू दे म्हटलं ना. मला माझा शुक्रवार पाहिजे. जळते मी, बर्नी. हो, जळते. तुझ्या रकान्यात लिही पाहिजे तर. ती बाई बारीक आहे, तिचं काम वेळेवर सुटतं, तिच्या कपड्यांना डिझेलचा वास येत नाही. तेही चालवून घेतलं असतं मी. पण पोरगी तिच्याबरोबर हसत गाडीत बसून माझ्या कॉलेजला गेली आणि मला म्हणाली शाळा ठीक होती.

बर्नी : हसत गेली हे तुला कुणी सांगितलं?

रॉक्सॅन : मला दिसतं.

बर्नी : बरं. मग तिला विचारलंस शुक्रवारचं? सामना जाईल हे सांगितलंस?

रॉक्सॅन : बोलाव तिला.

बर्नी : आत्ता तिचा इतिहासाचा तास आहे.

रॉक्सॅन : इतिहासच विचारायचाय. बोलाव.

बर्नी : थांब, वर्गात फोन लावते. हॅलो, मिस्टर रँडल, ब्रिनला जरा हजेरीच्या खिडकीशी पाठवता का? नाही, दप्तर नको. आई आलीय तिची. हो, सगळं ठीक आहे. नाही, आजी घसरून पडली ते गेल्या महिन्यात. हो. थँक यू. — येतेय. रॉक्सी, तू तोंड धुऊन ये.

रॉक्सॅन : कशाला? तिला दिसू दे.

ब्रिन : आई? काय झालं? आजी ठीक आहे ना?

रॉक्सॅन : आजी ठणठणीत आहे. हॅरो लेक कसं आहे?

ब्रिन : मिसेस हॅलुस्का, तुम्ही सांगितलंत?

बर्नी : नाही बाळ. शुक्रवारचा फॉर्म आला आणि दिवस उरला नव्हता.

ब्रिन : पण अर्धा उरलाय ना? ऑक्टोबरात त्या दिवशी शाळाच अर्धा दिवस होती. मला वाटलं तो अर्धाच धरतात. म्हणजे अर्धा आणि एक, दीड. आणि शुक्रवारी आम्ही अकराला निघणार होतो.

बर्नी : अर्धा दिवस पूर्ण धरतात. फॉर्मच्या मागे लिहिलंय.

ब्रिन : मागे कोण वाचतं?

रॉक्सॅन : म्हणजे हिशेब करून ठेवला होतास तू. मला कळणारच नाही असा.

ब्रिन : मी सांगणार होते.

रॉक्सॅन : कधी? शुक्रवारी, तिथे पोचल्यावर? की पहिल्यांदाच बघतेय असं दाखवणार होतीस मला?

ब्रिन : हो. तसंच करणार होते.

रॉक्सॅन : ऐकलंस, बर्नी? नाटक करणार होती माझ्यापुढे.

ब्रिन : चांगलं केलं असतं मी.

रॉक्सॅन : त्यात तुला शंकाच नको. तीन आठवडे केलंस की. माझ्याबरोबर जायची लाज वाटते का तुला? नाही, सांग. माझ्या त्या बसच्या जॅकेटची? मी नवा कोट घेऊन ठेवला होता, तुझ्या माहितीसाठी.

ब्रिन : आई, जॅकेटचं काय मध्येच?

रॉक्सॅन : मग कशाचं?

ब्रिन : इथे नको ना. मिसेस हॅलुस्का ऐकतायत.

बर्नी : मी फाइल लावतेय.

रॉक्सॅन : ती कुणाला सांगत नाही. त्यात ती पटाईत आहे. बोल.

ब्रिन : तू माझं तोंड बघत बसतेस.

रॉक्सॅन : म्हणजे?

ब्रिन : ख्रिसमसला मी काही उघडत असले की तू त्या वस्तूकडे नाही, माझ्याकडे बघतेस. मला ते आवडलं नाही तर तुझा चेहरा असा होतो. आत्ता झालाय तसा. मग मला आवडलंच असं मी करते. गेल्या वर्षीचे ते जांभळे बूट मला आवडले नव्हते.

रॉक्सॅन : तू रोज घालतेस ते.

ब्रिन : तेच तर सांगतेय. हॅरो लेकचं तू मी पाचवीत असल्यापासून बोलतेस. तुझ्याबरोबर गेले असते तर मला आवडलंच असतं. मग मला कळणार कसं, की मला खरंच आवडलं की नाही? मला एकदा तू नसताना बघायचं होतं. म्हणून पप्पांना म्हटलं सही द्या. त्यांना सुटी नव्हती. कॅरिसा म्हणाली मी सोडते.

रॉक्सॅन : आणि तुला आवडलं नसतं तर कॅरिसाचं तोंड पडलं नसतं?

ब्रिन : पडू दे की. मला काय त्याचं?

बर्नी : घे. आता बरं वाटलं?

रॉक्सॅन : वाटायला पाहिजे. नाही वाटत. काय काय बघितलंत दोघींनी?

ब्रिन : दोघींनी नाही. ती गाडीत होती.

रॉक्सॅन : गाडीत कुठे?

ब्रिन : पार्किंगमध्ये. मी म्हटलं, मी एकटी जाते, तू येऊ नकोस. ती बरं म्हणाली.

रॉक्सॅन : किती वेळ?

ब्रिन : चार तास. शब्दकोडी सोडवत होती. पांघरूण होतं तिच्याकडे.

रॉक्सॅन : फेब्रुवारीत? तिथे तळ्यावरून वारा येतो तो हाडं फोडतो. मी बसलेय ना तिथे. चार तास? आणि एकदाही आत आली नाही?

ब्रिन : नाही.

रॉक्सॅन : काही खायला बियला, म्हणून सुद्धा नाही?

ब्रिन : नाही. मी सांगितलं होतं ना येऊ नकोस म्हणून.

रॉक्सॅन : मी आले असते.

ब्रिन : माहितीये.

रॉक्सॅन : बाथरूम शोधतेय म्हणून आले असते.

ब्रिन : माहितीये, आई.

बर्नी : मीही गेले असते. मी तर पंधरा मिनिटांत गेले असते.

रॉक्सॅन : तू गप्प बस, फाइल लाव. बघ ना, हेही तिला जमतं. गाडीत बसणं. मला वाटलं होतं निदान त्यात तरी मी तिच्या पुढे असेन, पंधरा वर्षं तेच करतेय.

ब्रिन : आई.

रॉक्सॅन : आणि येताना सगळं सांगितलंस तिला. अडीच तासांचा रस्ता. तिथे कोण भेटलं, काय खाल्लं, वसतिगृह कसं होतं. ती मान हलवत ऐकत असेल, दात दाखवत. सांग, सांग. मला ते ऐकायचं नाहीये, पण सांग.

ब्रिन : काही नाही सांगितलं.

रॉक्सॅन : अडीच तास?

ब्रिन : झोपल्याचं सोंग केलं. तिने एकदा विचारलं कसं होतं, मी म्हटलं ठीक.

रॉक्सॅन : आणि बापाला?

ब्रिन : ठीक.

रॉक्सॅन : आणि मैत्रिणीला? मॅडीला तर तू शिंक आली तरी सांगतेस.

ब्रिन : मॅडीला माहीतच नाही मी गेले होते. तिला वाटतं मला फ्लू होता.

रॉक्सॅन : म्हणजे कुणालाच?

ब्रिन : कुणालाच नाही.

रॉक्सॅन : आवडलं नाही का तुला?

ब्रिन : आवडलं.

रॉक्सॅन : खरंच आवडलं, की बूट?

ब्रिन : खरंच. इतकं आवडलं की मला तिथेच रडायला येत होतं, ग्रंथालयात, एका मुलाच्या समोर. आणि मग मला कुणाला सांगताच येईना. तुला आधी सांगायचं होतं. पण तुला सांगायचं म्हणजे मी गेले होते हे सांगावं लागणार. आणि तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं. म्हणून म्हटलं शुक्रवारी तुझ्याबरोबर जायचं, सगळं परत बघायचं, आणि मग आवडलं म्हणायचं. ते काही खोटं झालं नसतं ना.

बर्नी : रॉक्सी, रुमाल घे. शाळेचा आहे, नाक शिंकर बिनधास्त.

रॉक्सॅन : फॉर्म दे माझा इकडे.

बर्नी : हा.

रॉक्सॅन : शुक्रवारी ती शाळेत येईल. हजर लाव.

ब्रिन : पण तू रजा घेतलीस. हॅरल्डला सांगितलंस. नवा कोट घेतलास.

रॉक्सॅन : कोट चर्चला घालेन. तुझा सामना घालवून मला काही कमानीतून जायचं नाही. घालवणार होते, मघाशी. ही साक्षीदार आहे.

बर्नी : मी काही ऐकलं नाही.

रॉक्सॅन : मासे तळायला परत जाते. वहिनीला तेवढाच आनंद. तू जा आता तासाला.

ब्रिन : तू रागावलीयेस अजून.

रॉक्सॅन : तुझ्यावर थोडी. तुझ्या बापावर नेहमीची. आणि तिच्यावर, काय सांगू, चार तास थंडीत बसली म्हणून जास्तच. आता तिला नावं ठेवायचीही पंचाईत करून ठेवलीत तुम्ही. जा.

बर्नी : थांब गं पोरी. तशीच गेलीस तर मिस्टर रँडल उशिराची खूण करतील. चिठ्ठी घे.

ब्रिन : थँक यू.

बर्नी : वीस मिनिटांची देतेय.

ब्रिन : इतिहासाचा वर्ग तर दोन मिनिटांवर आहे.

बर्नी : मला मोजता येतं. त्या तिथे भिंतीला बाक आहे, पालकांसाठी. वर्षानुवर्षं कुणी बसत नाही. बसा.

रॉक्सॅन : कारण काय लिहिणार आहेस?

बर्नी : कारणाचा रकाना माझा आहे. तुम्ही बसा.

रॉक्सॅन : सरक तिकडे. इतकी नको, पडशील. मी तुझ्याकडे बघणार नाही. हे बघ, मी ते अग्निशमनाचं नळकांडं बघतेय.

ब्रिन : कुठून सांगू?

रॉक्सॅन : पहिल्यापासून. काही गाळू नकोस.

ब्रिन : अं, कॅरिसाने गाडी मागच्या पार्किंगला लावली, आणि ती म्हणाली—

रॉक्सॅन : कॅरिसा नको. कमानीपासून सांग.